कानाचा ठणका थांबल्यानंतरचे सहा महिने : ग्वाल्हेरमधील एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहणाऱ्या एका मराठी कुटुंबातील लहान मुलाचे आहे. ओळख पटू नये म्हणून कुटुंबाचे काही तपशील बदलले आहेत. आजाराचा क्रम, तपासण्यांचे निष्कर्ष आणि घेतलेले निर्णय मात्र जसे होते तसेच ठेवले आहेत. त्या निर्णयांपैकी काही बालरोगतज्ज्ञ या नात्याने माझे स्वतःचे होते आणि त्यांतला एक चुकला, हे सुरुवातीलाच सांगितलेले बरे.

मूल पहिल्यांदा कानाच्या तक्रारीसाठी आले तेव्हा २२ महिन्यांचे होते आणि त्याचे वजन ११ किलो होते. घरात आईवडील, आजीआजोबा आणि पाच वर्षांची बहीण. आई शाळेत शिकवत असल्याने दिवसभर मूल आजीजवळ असे. डिसेंबर संपत आला होता. त्या दिवसांत ग्वाल्हेरला धुके दुपारपर्यंत हटत नाही, दारे-खिडक्या बंद असतात आणि संध्याकाळी खोलीत शेगडी पेटते. या घरात मुलांना सर्दी झाली की ओवा आणि लसणाच्या सालींची धुरीही दिली जाई. रात्री झोपताना मुलाच्या तोंडात दुधाची बाटली असे आणि ती तो आडवा पडूनच पीत असे. बहीण शाळेतून महिन्याला एक तरी सर्दी घरी आणत होती.

या साऱ्याचा कानाशी संबंध कसा, हे समजण्यासाठी एका नळीची माहिती पुरेशी आहे. कानाच्या पडद्यामागे हवेने भरलेली एक छोटी पोकळी असते, तिला मध्यकर्ण म्हणतात. ही पोकळी एका अरुंद नळीने नाकाच्या मागच्या भागाशी जोडलेली असते. आपण गिळताना ही युस्टेशियन नळी क्षणभर उघडते, आत ताजी हवा जाते आणि साचलेला स्राव बाहेर येतो. तान्ह्या मुलात ती प्रौढाच्या जेमतेम निम्म्या लांबीची, अधिक मऊ आणि जवळजवळ आडवी असते. प्रौढात तिचा उतार सुमारे ४५ अंशांचा, तर बाळात अवघा १० अंशांच्या आसपास असतो. त्यामुळे सर्दीत नाकामागचे आतले अस्तर सुजले की नळी लवकर बंद होते, आत स्राव कोंडतो आणि नाकातले जंतू त्या स्रावात वाढतात. धुराने ही सूज वाढते आणि आडवे पडून दूध पिताना दूध नळीच्या तोंडाशी जाऊ शकते. सहा महिने ते दोन वर्षे या वयात कानाचे दुखणे सर्वाधिक दिसते, त्याचे मुख्य कारण ही नळी आहे. कानाला वारा लागला की कान दुखतो, ही समजूत आमच्या भागात फार खोल रुजलेली आहे. पण मध्यकर्णाचा संसर्ग बाहेरून कानात शिरत नाही, तो नाकाकडून वर चढतो.

पहिली रात्र आणि पहिला निर्णय

चार दिवसांच्या सर्दीनंतर एका रात्री मूल किंचाळत उठले, आडवे केले की अधिक रडू लागले आणि उजव्या कानाकडे हात नेऊ लागले. आजीने लसूण कडवून कोमट केलेले तेल दोन्ही कानांत घातले. सकाळी मूल माझ्याकडे आले तेव्हा ताप ३८.४ अंश सेल्सियस होता, मूल चिडचिडे पण सावध होते आणि पाणी पीत होते. ऑटोस्कोपने, म्हणजे कानात पाहण्याच्या दिवा असलेल्या उपकरणाने, पाहिले असता उजवा पडदा लाल, धूसर आणि बाहेरच्या बाजूला फुगलेला होता. पडदा नुसता लाल असणे पुरेसे नसते. रडणाऱ्या कोणत्याही मुलाचा पडदा लाल दिसू शकतो. फुगवटा हीच तीव्र संसर्गाची खरी खूण असते, आणि ती येथे होती. डाव्या कानात मात्र मळ आणि तेल यांचा असा थर होता की पडदा दिसलाच नाही.

प्रतिजैविक लगेच द्यायचे की दोन दिवस थांबायचे, हा प्रश्न होता. मध्यकर्णाचे बहुसंख्य संसर्ग काही दिवसांत आपोआप ओसरतात आणि पहिल्या २४ तासांत दुखणे कमी होण्यावर प्रतिजैविकाचा जवळजवळ परिणाम होत नाही. म्हणून सहा महिने ते दोन वर्षे या वयात एकच कान बाधित असेल, ताप ३९ अंशांच्या खाली असेल आणि दुखणे सौम्य व ४८ तासांपेक्षा कमी काळाचे असेल, तर वेदनाशामक देऊन ४८ ते ७२ तास लक्ष ठेवणे मान्य आहे. मात्र त्याच वयात दोन्ही कान बाधित असतील, तीव्र लक्षणे असतील किंवा कान वाहत असेल, तर प्रतिजैविक सुरू करावे लागते. सहा महिन्यांखालील बाळात तर थांबण्याचा प्रश्नच येत नाही.

मी थांबण्याचा निर्णय घेतला. वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल दिले, ताप आणि दुखणे ४८ तासांत कमी न झाल्यास पुन्हा आणण्यास सांगितले, आणि कानामागे सूज येणे, कानाची पाळी पुढे ढकलल्यासारखी दिसणे, चेहरा एका बाजूला वाकडा होणे, सतत उलट्या किंवा सुस्ती यांपैकी काहीही दिसल्यास रात्र असली तरी निघून या, असे बजावले. निर्णय नियमात बसणारा होता, पण तो अर्ध्या माहितीवर उभा होता. डावा कान मी पाहिलेलाच नव्हता आणि तोही फुगलेला असता तर निर्णय उलटा झाला असता. तेल पुसून मळ काढण्यासाठी दहा मिनिटे आणि मुलाला घट्ट धरणारे एक माणूस लागले असते. बाहेर रांग होती. हे कारण आहे, समर्थन नाही.

कान फुटल्यानंतर

दुसऱ्या रात्री उजव्या कानातून पू आला आणि थोड्याच वेळात मूल शांत झोपले. आपण 'कान फुटला' असे म्हणतो ते अगदी नेमके आहे: आतला दाब वाढत जाऊन पडद्याला छोटे भोक पडते, पू बाहेर येतो, दाब उतरतो आणि ठणका थांबतो. घरच्यांना सुटल्यासारखे वाटले आणि मुलाला परत आणायचे राहून गेले. आजोबांनी औषधाच्या दुकानातून कानाचे थेंब आणले. त्यांत जंतुनाशकाबरोबर स्टिरॉइड होते आणि ते जंतुनाशक अमिनोग्लायकोसाइड गटातले होते. पडद्याला भोक असताना हा गट आतल्या कानाला अपाय करू शकतो. त्याच काळात थोरल्या मुलीच्या जुन्या आजारातले उरलेले सरबतही घरात होते आणि ते देण्याचा विचार चालला होता. पावडरमध्ये पाणी घालून बनवलेले असे औषध थोड्याच दिवसांत निकामी होते, हे आईला माहीत असल्याने ते टळले.

पाचव्या दिवशी मूल आले. कान वाहत असल्याने आता थांबण्याला जागा नव्हती. अमॉक्सिसिलिन दर किलो वजनाला दिवसाला ८० ते ९० मिलिग्रॅम या प्रमाणात, म्हणजे दिवसाला सुमारे ९०० मिलिग्रॅम, दोन वेळांत विभागून १० दिवस दिले. दुकानातले थेंब बंद केले. तेल घालू नये आणि आंघोळीत कानात पाणी जाऊ देऊ नये, असे सांगितले. आजींचे म्हणणे असे होते : "अहो डॉक्टर, आमची सगळी मुलं कानात तेल घालूनच मोठी झाली." ते खरेही असेल, कारण पडदा शाबूत असेल तर कोमट तेल बहुतेक वेळा नुसते निरुपयोगी ठरते. पण पडदा शाबूत आहे की नाही हे घरी कळत नाही, आणि तपासणाऱ्याला तर ते तेल आड येते. या मुद्द्यावर त्या लगेच राजी झाल्या. धुरीच्या मुद्द्यावर दोन भेटी गेल्या. अखेर कापडात बांधून शेकायची ओव्याची पुरचुंडी चालू राहील आणि धूर बंद होईल, अशी तडजोड झाली.

लस दिलेली असूनही हे का झाले, असे वडिलांनी विचारले. प्रश्न रास्त होता. मुलाला न्यूमोकोकल लसीच्या सहावा आठवडा, चौदावा आठवडा आणि नववा महिना अशा तिन्ही मात्रा मिळाल्या होत्या. मध्य प्रदेशात ही लस २०१८ मध्ये सरकारी कार्यक्रमात आली. पण ती न्यूमोकोकस या जंतूच्या ठरावीक प्रकारांपासूनच वाचवते, आणि मध्यकर्णात हिमोफिलस व मोराक्सेला या जंतूंचाही मोठा वाटा असतो. लसीमुळे कानाचे दुखणे कमी होते, संपत नाही. तिचा खरा मोठा लाभ न्यूमोनिया आणि मेंदूज्वराच्या बाबतीत आहे.

'आता बरे आहे'

तीन आठवड्यांनी तपासले तेव्हा कान कोरडा होता आणि भोक बुजले होते. दोन्ही पडदे आता दिसत होते आणि दोन्हींच्या मागे पिवळसर द्रव होता. हे अनपेक्षित नव्हते. तीव्र संसर्ग गेल्यानंतर महिन्याभराने सुमारे ४० टक्के मुलांच्या मध्यकर्णात द्रव उरलेला असतो आणि तीन महिन्यांनी तो सुमारे १० टक्के मुलांत असतो. त्यात जंतूंची धामधूम नसते, ताप नसतो, दुखणेही नसते. म्हणून त्यासाठी पुन्हा प्रतिजैविक द्यायचे नसते. वेळ द्यायचा असतो आणि द्रव गेला की नाही ते पुन्हा पाहायचे असते.

मी कागदावर 'मध्यकर्णात द्रव, तीन महिन्यांनी तपासणी' असे लिहिले आणि तोंडाने 'आता बरे आहे' असे म्हटले. कुटुंबाने तोंडचे वाक्य ऐकले, कागदावरचे वाचले नाही. फेब्रुवारीत पुन्हा सर्दी होऊन डावा कान दुखला. तेव्हा मी गावी नसल्याने त्यांनी दुसरीकडे दाखवले, प्रतिजैविक मिळाले आणि चार दिवसांत दुखणे थांबले. तीन महिन्यांची तपासणी झालीच नाही, आणि ती न झाल्याचे माझ्याही लक्षात आले नाही, कारण आठवण ठेवण्याची कोणतीच व्यवस्था मी केली नव्हती.

नवी तक्रार, वेगळ्या नावाने

जूनमध्ये आई मुलाला घेऊन आली ती कानासाठी नव्हे. मूल २८ महिन्यांचे झाले होते आणि त्याच्या तोंडी जेमतेम वीस शब्द होते. या वयाच्या मुलाकडून पन्नासहून अधिक शब्द आणि 'आई ये', 'दूध दे' अशी दोन शब्दांची जोडणी अपेक्षित असते. घरात याची तीन स्पष्टीकरणे तयार होती. मुलगे उशिराच बोलतात, हे आजोबांचे. मोबाइल फार पाहतो, हे वडिलांचे. आणि घरात मराठी, गल्लीत हिंदी, बहिणीच्या शाळेची इंग्रजी, अशा भाषांच्या गर्दीत मूल गोंधळले आहे, हे शेजाऱ्यांपासून शाळेतल्या सहकाऱ्यांपर्यंत सगळ्यांचे. या शेवटच्या कारणामुळे घरात मराठी बंद करून फक्त हिंदी बोलावे असे ठरत आले होते.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांत हे मी अनेकदा ऐकले आहे, म्हणून येथे थोडे थांबतो. दोन भाषांत वाढणारे मूल बोलण्यात मागे पडत नाही. त्याचे शब्द दोन भाषांत वाटलेले असू शकतात; 'पाणी' मराठीत, 'चिड़िया' हिंदीत. मोजताना दोन्ही भाषांचे शब्द मिळवून मोजायचे असतात. या मुलाचे वीस शब्द तसे मिळवूनच झाले होते. म्हणजे दोष भाषांच्या संख्येत नव्हता. घरातली भाषा बंद केल्याने आजीशी असलेले मुलाचे सर्वांत श्रीमंत संभाषणच बंद झाले असते.

ऐकू येते का, असे विचारल्यावर सगळ्यांनी एकमुखाने 'येते' म्हटले. आजींनी मुलाच्या मागे ताट वाजवून पाहिले होते आणि ते चटकन वळले होते. ताटाची ही परीक्षा घरोघरी होते आणि ती फसवी आहे. मध्यकर्णात द्रव असलेल्या मुलाला साधारण २० ते ३० डेसिबल, क्वचित त्याहून अधिक, कमी ऐकू येते. दोन्ही कानांत बोटे घालून बसल्यासारखे. ताट, कुकरची शिट्टी, दाराची घंटा हे सारे त्याला व्यवस्थित कळते. निसटतात ते हळू आवाजातले बोलणे, पाठीमागून आलेली हाक, आणि 'स', 'श', 'फ' यांसारखी बारीक व्यंजने. ऐकणे रोज बदलते, हा आणखी एक घोळ. सर्दी कमी असली की मूल बरे ऐकते, म्हणून दुसऱ्या दिवशी ऐकले नाही की हट्टी ठरते. आईने एक गोष्ट सांगितली जी मला पुरेशी वाटली : समोर बसून बोलले तर तो ओठांकडे पाहतो.

तपासणी आणि समोरचे पर्याय

दोन्ही पडदे निस्तेज आणि आत ओढलेले होते. टिम्पॅनोमेट्रीत, म्हणजे पडदा हवेच्या दाबाने कितपत हलतो हे मोजणाऱ्या चाचणीत, दोन्ही कानांची रेघ सपाट आली, म्हणजे मागच्या द्रवामुळे पडदे हलत नव्हते. आवाजाच्या दिशेला खेळण्यातला दिवा लावून मुलाची मान वळते का हे पाहणाऱ्या चाचणीत सुमारे ३५ डेसिबलखालचे आवाज त्याला कळत नव्हते. जन्माच्या वेळी श्रवणाची तपासणी झालेली नसल्याने कायमचा दोष नाही ना, ही शंका उरत होती. झोपेत केलेल्या बेरा चाचणीत, म्हणजे आवाजाला मिळणारा श्रवणमार्गाचा विद्युत प्रतिसाद मोजणाऱ्या चाचणीत, हाडावाटे दिलेला आवाज आतल्या कानापर्यंत नीट पोचत असल्याचे दिसले आणि ती शंका मिटली. मूल डोळ्यांत डोळे घालून पाहत होते, बोट दाखवून वस्तू मागत होते, खोटे-खोटे जेवण खेळत होते. त्यामुळे स्वमग्नतेची शक्यता कमी होती, तरी ती नोंदवून पुढच्या भेटीसाठी ठेवली.

सर्वांत सोपा पर्याय औषधांचा होता आणि कुटुंबाला तोच हवा होता. पण सर्दीची सरबते, ॲलर्जीच्या गोळ्या, स्टिरॉइड किंवा दीर्घकाळ प्रतिजैविक यांनी हा द्रव जात नाही. त्यांचे दुष्परिणाम मात्र येतात. दुसरा पर्याय थेट वाचा-उपचार सुरू करण्याचा होता. तो चुकीचा नव्हता, पण नीट न ऐकणाऱ्या मुलाला बोलायला शिकवणे म्हणजे गळक्या हंड्यात पाणी भरणे. तिसरा पर्याय ग्रोमेटचा : पडद्याला बारीक छेद देऊन त्यात एक छोटी नळी बसवायची, जी आत हवा जाऊ देते. शस्त्रक्रिया काही मिनिटांची असली तरी लहान मुलाला पूर्ण भूल द्यावी लागते आणि आजोबांचा या एका शब्दाला विरोध होता. चौथा पर्याय ठरावीक तारखांना तपासत थांबण्याचा.

दोन्ही कानांत द्रव तीन महिने टिकला आणि ऐकणे कमी झाले, तर ग्रोमेटचा विचार करावा असे मानले जाते. येथेच जानेवारीतली माझी चूक भोवली. द्रव जानेवारीपासून सलग होता की मध्ये जाऊन पुन्हा आला, हे सांगायला आमच्याजवळ एकही नोंद नव्हती. एप्रिलमध्ये तपासणी झाली असती तर जूनचा निर्णय बराच सोपा झाला असता. बोलणे मागे असल्याने आणखी तीन महिने पूर्ण थांबायलाच हवे असे बंधन नव्हते. दुसऱ्या बाजूला, उन्हाळ्यात सर्दी कमी असते आणि द्रव अनेकदा आपोआप ओसरतो. कान-नाक-घसा तज्ज्ञ, श्रवणतज्ज्ञ आणि आईवडील यांच्याशी बोलून सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी अशा दोन पक्क्या तारखा ठरवून थांबायचे ठरले. या वेळी तारखा आईच्या मोबाइलमध्ये आणि माझ्या वहीत, दोन्हीकडे लिहिल्या.

काय केले

मधल्या काळात घराने केलेले बदल साधे होते. बोलताना मुलाच्या समोर, त्याच्या उंचीवर बसायचे. दूरदर्शन आणि पंख्याचा आवाज असताना महत्त्वाचे बोलायचे नाही. आजींनी मराठीतच बोलायचे, गाणी म्हणायची, वस्तू दाखवून नाव घ्यायचे. रात्रीची बाटली बंद करून दूध बसून पेल्याने द्यायचे. यासाठी दोन आठवडे रडारड झाली. वडील घराबाहेर धूम्रपान करत असत, त्यांनी ते सोडण्याचा प्रयत्न केला आणि अर्धवट साधला. त्याबरोबर वाचा-उपचार महिन्यातून दोनदा सुरू केले, मुख्यतः आई आणि आजी यांना शिकवण्यासाठी.

सप्टेंबरमध्ये उजवा कान मोकळा झाला, डावा तसाच राहिला. ऐकणे २० डेसिबलपर्यंत सुधारले होते. खोलीत दोन्ही कानांना एकत्र आवाज ऐकवून केलेली ही चाचणी फक्त चांगल्या कानाचे सांगते, हे कुटुंबाला स्पष्ट सांगितले. शब्द साठच्या वर गेले होते. शस्त्रक्रिया पुढे ढकलली. डिसेंबरात पुन्हा धुके, पुन्हा बहिणीची सर्दी, उजव्या कानाचा तीव्र संसर्ग आणि त्यानंतर दोन्ही कानांची रेघ पुन्हा सपाट. मूल आता ३४ महिन्यांचे असल्याने आवाज आला की डब्यात ठोकळा टाकायचा, अशी खेळाची चाचणी प्रत्येक कानाची वेगळी करता आली. दोन्हीकडे ३५ डेसिबल. या वेळी आमच्याजवळ जूनपासूनच्या सलग नोंदी होत्या. त्या कागदांकडे पाहून आजोबांनीच विचारले, "मग भूल देण्याची तारीख कधीची?" जानेवारीत दोन्ही कानांत ग्रोमेट बसवले. ॲडिनॉइड, म्हणजे नाकामागची गाठ, काढण्याचा प्रश्न निघाला होता. मुलाला घोरणे किंवा नाक सतत बंद राहणे नव्हते आणि वय चारच्या खाली होते, म्हणून ते केले नाही.

वेगळे काय करता आले असते

पहिल्या भेटीत डावा कान स्वच्छ करून पाहायला हवा होता. तरीही, ती चूक या मुलाला फारशी महागात पडली असे मी म्हणणार नाही. प्रतिजैविक पहिल्या दिवशी दिले असते तरी द्रव उरण्याची शक्यता जवळपास तेवढीच होती. खरी किंमत मोजावी लागली ती जानेवारीतल्या एका वाक्याची. 'संसर्ग गेला आहे, पण कानात पाणी उरले आहे. ते असेपर्यंत मूल कमी ऐकेल. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात या,' असे म्हणायला अर्धे मिनिट लागले असते. आता मी द्रव असलेल्या प्रत्येक मुलाच्या पालकांना स्वतःच्या कानांत बोटे घालायला सांगतो आणि त्या वेळी हळू आवाजात तारीख सांगतो. बहुतेकांना ती पुन्हा विचारावी लागते.

घराच्या बाजूने पाहिले तर कान फुटल्यानंतरचा विलंब आणि दुकानातले थेंब टाळता आले असते. कान फुटल्यावर दुखणे थांबले तरी त्याच दिवशी मुलाला परत आणा, हे मी पहिल्या भेटीत सांगितले नव्हते. सप्टेंबरात शस्त्रक्रिया पुढे ढकलणे योग्य होते का, यावर कान-नाक-घसा तज्ज्ञांचे आणि माझे आजही एकमत नाही. त्यांच्या मते ग्वाल्हेरच्या हिवाळ्याच्या तोंडावर, एक कान बाधित असताना आणि बोलणे मागे असताना थांबणे म्हणजे तीन महिने वाया घालवणे होते. माझ्या मते चांगला कान मोकळा असताना मुलाला भूल देणे घाईचे झाले असते.

सद्यस्थिती

ग्रोमेटनंतर दोन्ही कानांचे ऐकणे १५ डेसिबलपर्यंत आले. रुग्णालयातून घरी जाताना ऑटोच्या हॉर्नला मुलाने दचकून कान झाकले, असे आईने सांगितले. नऊ महिन्यांनी डाव्या कानातले ग्रोमेट आपोआप गळून पडले आणि पडदा बुजला. उजव्यातले अजून जागेवर आहे. मूल आता तीन वर्षे आठ महिन्यांचे आहे, आजीशी मराठीत आणि गल्लीतल्या मुलांशी हिंदीत पूर्ण वाक्ये बोलते. 'स' आणि 'श' अजून स्पष्ट येत नाहीत, त्यासाठी वाचा-उपचार चालू आहेत. कानांची पुढची तपासणी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, धुके सुरू होताच ठेवली आहे.